सेनेका फॉल्स, 1848 : स्त्री-समतेचा जाहीरनामा

ठिणगी कुठे पडली?

1840 साली लंडनमध्ये गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेहून आलेल्या महिला प्रतिनिधींना निव्वळ बाई म्हणून कामकाजात भाग नाकारला गेला. वेगळ्या जागी बसून त्यांना नुसते ऐकावे लागले. ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांना हे फार झोंबले. स्त्रियांच्या हक्कांसाठी स्वतंत्र परिषद घ्यायचा विचार तिथेच रुजला.

परिषद

19 आणि 20 जुलै 1848 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी, वेस्लियन चॅपेलमध्ये ही परिषद झाली. सुमारे 300 लोक जमले. तिथे मांडलेल्या जाहीरनाम्यावर 68 स्त्रिया आणि 32 पुरुषांनी सह्या केल्या.

जाहीरनाम्यातली मांडणी

स्टँटन यांनी 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच साचा घेतला. त्यातल्या समतेत स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख केला आणि इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषी सत्तेविरुद्धच्या तक्रारी मांडल्या. देशाने स्वतःच मान्य केलेले तत्त्व अर्ध्या समाजाला का लागू नाही, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. मुख्य तक्रारी अशा :

- लग्न होताच कायद्याच्या लेखी स्त्रीला स्वतंत्र अस्तित्व उरत नाही. तिच्या मजुरीवरही नवऱ्याचा हक्क.
- घटस्फोटाचे आणि मुलांच्या ताब्याचे कायदे पुरुषांच्या सोयीचे.
- उच्च शिक्षणाची आणि चांगल्या मिळकतीच्या कामांची दारे बंद.
- मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रीने कर भरायचा, पण तिला मत नाही.

मताधिकाराचा वाद

बाकीचे ठराव एकमताने मंजूर झाले. मताधिकाराचा ठराव मात्र अडला. अशी मागणी केली तर लोक हसतील, असे मॉट यांनाही वाटत होते. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस स्टँटन यांच्या बाजूने ठामपणे बोलले आणि ठराव थोडक्यात मंजूर झाला. नंतर वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली तेव्हा काहींनी सह्या मागेही घेतल्या.

निष्पत्ती

1920 मध्ये 19 व्या घटनादुरुस्तीने लिंगावरून मत नाकारण्यास मनाई झाली. सही करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात होत्या त्या शार्लट वुडवर्ड. तरुणपणी त्या हातमोजे शिवून कमाई करत. आजारपणामुळे त्यांनाही मत देता आले नाही. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना तर 1965 च्या मताधिकार कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

एका ठरावापासून घटनादुरुस्तीपर्यंत 72 वर्षे गेली. मतदानाच्या दिवशी घरी बसण्याआधी प्रत्येकीने हे आठवावे आणि आपला हक्क बजवावा.