घरच्या घरी मराठी वाचन : सुरुवात कुठून करावी

आपल्या बहुतेक घरांत आता एक गोष्ट सारखीच दिसते. नातवंडे आजीजवळ हट्ट करतात तो मराठीत, पण आजीच्या कपाटातले पुस्तक हाती दिले तर त्यांना चार ओळी सरळ वाचता येत नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरला शाळा हिंदी किंवा इंग्रजी, वडोदऱ्यास गुजराती किंवा इंग्रजी, हैदराबादेस इंग्रजी आणि तेलुगू. मुलांना वाचता आले नाही, तर ते कपाट पुढच्या पिढीत रद्दीवाल्याकडे जाणार, हे स्पष्ट बोललेले बरे. तेव्हा ही शाळा आपल्याला घरीच भरवावी लागेल.

मुलाला शाळेतून काढून सगळेच घरी शिकवणारी कुटुंबेही हल्ली आहेत. त्यांना पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, वयाची १४ वर्षे पुरी झाल्यावर, दहावीची परीक्षा देता येते. पण आपल्याला हवे आहे ते याहून लहान काम. रोजची पंधरा मिनिटे, आणि तीही जेवणाच्या वेळेला चिकटवून ठेवलेली. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे किती तरी चांगले.

पाचव्या वर्षाआधी पाटी-पेन्सिलीची घाई करू नका. तोवर गोष्टी सांगा, आणि घरातल्या वस्तूंची नावे मराठीतच घ्या. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. मराठी बाईने गुजराती मुलखात बालशिक्षण उभे केले, ही आपणा 'बाहेरच्या' मराठी माणसांनी जरा अभिमानाने आठवावी अशी गोष्ट आहे. त्यांनी जी माँटेसोरी पद्धत आपल्याकडे रुजवली, तिच्यात मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोटे फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करते. घरी पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला की काम भागते. परातीत रवा पसरून त्यात बोटाने गिरवले तरी चालते.

अक्षरे 'अ आ इ ई' या क्रमाने शिकवू नका. हा क्रम उच्चारशास्त्राचा आहे, लहान हाताच्या सोयीचा नाही. आधी ग, म, न, त, व, ब, क, र, घ एवढीच घ्या. या नऊ अक्षरांत घर, मगर, गवत, रबर, नगर असे शब्द होतात, आणि 'मगर बघ', 'गवत बघ' अशी वाक्येही. पहिल्या पंधरवड्यातच मुलाला कळते की आपण वाचतो आहोत. तेवढ्यावर ते पुढे कित्येक महिने चालते. मग काना. काना आला की कान, नाक, मका, बाबा, काका सगळे घरात येतात. जोडाक्षरांना वर्षभर तरी हात लावू नका.

शाळेत हिंदी शिकणाऱ्या मुलाला देवनागरी येतच असते, म्हणून पालक निर्धास्त राहतात. अडचण तिथेच आहे. ते मूल मराठी मजकूर हिंदीसारखा वाचते. ळ त्याच्या पुस्तकात नसल्यामुळे वेळचा वेल होतो, काळचा काल आणि गाळाचा गाल. अशा जोड्या शोधण्याचा खेळ करा. 'चार चमचे' म्हणताना पहिला च आणि दुसरा च वेगळे आहेत, हे लिहून कळत नाही, ऐकूनच कळते. तेव्हा मोठ्याने वाचून दाखवायला पर्याय नाही. तेलुगू मुलखातल्या मुलांना मात्र ळ आणि हा दुसरा च दोन्ही कानांवरून गेलेले असतात. गुजरातीतही ळ आहे, पण शिरोरेघ नाही, म्हणून वडोदऱ्याची मुले रेघ विसरतात. ती आठवडाभर विसरू द्या.

बोलण्यातल्या चुकांचेही तसेच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ती पुस्तक', 'तो झाड' येणारच. हिंदीच्या एका 'हम'मुळे मूल 'आम्ही जेवायला बसूया' असे आजोबांनाच सांगते. 'असं नाही म्हणत' असे टोकलेत की ते पुढच्या वेळी हिंदीत बोलेल. त्याऐवजी उत्तरातच नीट रूप येऊ द्या : 'हो, आपण बसूया. आणि ते पुस्तक ठेव बघू बाजूला.' हे शेकडो वेळा करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

पुस्तक कोणते द्यावे असे विचारतात. पहिले वर्षभर छापील पुस्तकापेक्षा घरचाच मजकूर बरा. डब्यांवर 'रवा', 'गूळ', 'डाळ' अशा चिठ्ठ्या लावा, बाजाराची यादी मुलाकडून वाचून घ्या, आजीला दुसऱ्या गावी पोस्टकार्ड लिहायला लावा. त्या कार्डातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करू नका, तसेच पाठवा. आजीचे उत्तर ठसठशीत अक्षरांत, चार ओळींतच असावे, आणि त्यात मुलाला एक प्रश्न विचारलेला असावा, म्हणजे त्याला पुन्हा लिहावे लागते.