टेटॅनस विष

टेटॅनस विष (टेटॅनोस्पाझ्मिन) हे क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी या जीवाणूने तयार केलेले प्रथिन असून धनुर्वात या रोगाचे ते प्रत्यक्ष कारण आहे. हा जीवाणू ऑक्सिजनविरहित स्थितीत, उदा. खोल जखमेत, वाढतो. विषाचा एक भाग विकर म्हणून कार्य करतो.

रचना

हे प्रथिन १३१५ अमिनो आम्लांची एकच साखळी म्हणून तयार होते. तिचे रेणुभार सुमारे १,५०,००० डाल्टन असते. पुढे ही साखळी एका ठिकाणी तुटून सुमारे ५०,००० डाल्टनची हलकी आणि सुमारे १,००,००० डाल्टनची जड साखळी तयार होते. दोन्ही साखळ्या एका डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या राहतात. कार्यानुसार रेणूचे तीन भाग पडतात :

१. बंधक भाग : जड साखळीचे शेवटचे टोक. ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरील गँग्लिओसाइड या मेदयुक्त रेणूंना चिकटते.

२. वाहक भाग : जड साखळीचा पहिला अर्धा भाग. पेशीतील पुटिकेत आम्लता वाढताच तो हलक्या साखळीला पुटिकेच्या पटलातून पेशीद्रवात पोहोचवतो. तेथे डायसल्फाइड बंध तुटतो व हलकी साखळी मोकळी होते.

३. विकर भाग : हलकी साखळी. तिच्या क्रियास्थानी जस्ताचा एक अणू असतो. तो काढून घेतल्यास विकराची क्रिया थांबते.

संपूर्ण रेणूची त्रिमितीय रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कार्य

विष स्नायूंजवळील चेतातंतूंतून उलट दिशेने प्रवास करून मेरुरज्जूत पोहोचते व तेथील निरोधक चेतापेशींत शिरते. विकर भाग सिनॅप्टोब्रेव्हिन या प्रथिनाचा ७६ व ७७ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधील बंध तोडतो. ही क्रिया १९९२ मध्ये उघडकीस आली. सिनॅप्टोब्रेव्हिन तुटल्यामुळे ग्लायसीन व गॅबा हे निरोधक चेतापारेषक बाहेर पडू शकत नाहीत. स्नायूंना आवर घालणारा संदेश थांबतो आणि ते सतत आकुंचित राहतात. जबडा घट्ट मिटणे व पाठ धनुष्यासारखी वाकणे ही लक्षणे यातूनच उद्भवतात.

बॉट्युलिनम विषाचा ‘ब’ प्रकार हाच बंध तोडतो. मात्र तो स्नायूंजवळील चेताग्रांत कार्य करीत असल्याने स्नायू शिथिल पडतात. तुटणारा बंध तोच असूनही पेशी वेगळी असल्यामुळे परिणाम उलट होतो.

लस व उपचार

फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केल्यास विषाची घातकता नष्ट होते, पण प्रतिकारशक्तीला ओळखता येईल अशी त्याची ठेवण बऱ्याच अंशी टिकते. या रूपास टॉक्सॉइड म्हणतात. धनुर्वाताची लस यापासून बनते. प्रतिविष केवळ चेतापेशीबाहेरील विषास निष्प्रभ करते. आत शिरलेल्या विषावर ते परिणाम करीत नाही. त्यामुळे ते लवकर देणे आवश्यक असते. रोग घडवणारी विषाची मात्रा इतकी अल्प असते की रोग होऊन गेल्यावरही प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णासही लस द्यावी लागते.