कंटेंट की कॉन्टेक्स्ट? जवाहरनगरच्या दुकानात उभं राहून समजून घेऊ



"सर, मी रोज व्हॉट्सअॅपवर एक कॉन्टेक्स्ट टाकतो, तरी गिऱ्हाईक येत नाही." नवीन धंदा सुरू केलेल्यांकडून असं वाक्य बरेचदा ऐकायला मिळतं. त्यांना म्हणायचं असतं कंटेंट. शब्द चुकला तर चुकला, त्यात लाजायचं काही नाही. पण गंमत अशी, की गिऱ्हाईक न येण्याचं कारण पुष्कळदा त्या दुसऱ्या शब्दातच, म्हणजे कॉन्टेक्स्टमध्येच असतं.

कंटेंट म्हणजे आतला माल. डब्यात जे भरलंय ते, पुस्तकात जे छापलंय ते. इंग्रजी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर 'कंटेंट्स' लिहिलेलं असतं, ते आठवा. तुमच्या धंद्यात पोस्टरवरचा मजकूर, फोटो, व्हिडिओ, भावफलक हे सगळं कंटेंट. मराठीत मजकूर किंवा आशय म्हणा.

कॉन्टेक्स्ट म्हणजे संदर्भ. तो मजकूर कोण वाचतंय, कुठे, कधी आणि कोणत्या मनःस्थितीत, हे सगळं त्यात आलं. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'एकत्र विणणे' असा आहे. 'टेक्स्टाइल' त्याच घरातला. आपल्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला कोशाचं कापड विणतात. तिथल्या मागावर पाहिलं की लगेच कळतं: नुसता आडवा धागा हातात घेऊन कापड होत नाही, उभे धागे आधी ताणलेले असावे लागतात. तुमचा मजकूर हा आडवा धागा. उभे धागे गिऱ्हाइकाच्या आयुष्यात आधीपासून ताणलेले असतात. ते तुम्ही ताणत नाही, फक्त ओळखू शकता.

आता जवाहरनगरला या. समजा, तुम्ही चिन्नोर तांदूळ विकता आणि पाटी लावली, "अस्सल चिन्नोर मिळेल." मजकूर एकच. पण आयुध निर्माणीच्या वसाहतीत राहणाऱ्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला चिन्नोर म्हणजे काय हेच कदाचित माहीत नसेल. त्यांना सांगावं लागेल, की हा आपल्या भागातला सुवासिक तांदूळ आहे. नागपूरहून महामार्गाने जाणारा माणूस पाच मिनिटं थांबणार, त्याला एक-दोन किलोची बांधलेली पिशवी हवी. आणि शेजारच्या गावातला धान उत्पादक? त्याच्या घरी तांदूळ आहेच! त्याला तुम्ही तांदूळ विकायला गेलात तर तो हसेल. पण त्याच शेतकऱ्याला भांडी किंवा कपडे विकायचे असतील तर धानाचे चुकारे हातात कधी पडतात ते बघा. नोकरदाराचा खिसा पगाराच्या तारखेला भरतो, शेतकऱ्याचा चुकारे मिळाल्यावर. एकाच तारखेला दोघांना एकच जाहिरात पाठवणं म्हणजे अर्धे पैसे पाण्यात.

इथपर्यंत प्रश्न पैशांचा झाला. पण संदर्भ चुकला तर माणूसही तुटतो.

२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि अनेक कामगारांचा जीव गेला. दोनच दिवसांनी २६ जानेवारी होता. या दिवसासाठी दुकानदार काय छापून ठेवतात? "प्रजासत्ताक दिन धमाका ऑफर!" बरेच जण तर मेसेज आधीच वेळ लावून ठेवतात, तो आपोआप जातो. समजा, जवाहरनगरात असा मेसेज त्या सकाळी गेला असता. मजकुरात एकही चूक नाही. शुद्धलेखन बरोबर, सवलत खरी, फोटो छान. तरीही ज्या घरातला माणूस त्याच निर्माणीत कामाला जातो, त्या घरात 'धमाका' हा शब्द कसा वाचला गेला असता? त्या गिऱ्हाइकाने तुमच्याशी भांडण केलं नसतं. फक्त पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात गेलं असतं, आणि तुम्हाला कारणही कळलं नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: छोट्या गावात वेळ लावून मेसेज टाकणं सोयीचं असलं, तरी सकाळी एकदा गावात काय चाललंय ते विचारल्याशिवाय तो जाऊ देऊ नका. मोठ्या कंपनीला हे जमत नाही, तिचं ऑफिस मुंबईत. तुम्ही तर चौकातच उभे आहात.

१९९६ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी 'कंटेंट इज किंग' नावाचा लेख लिहिला. इंटरनेटवर पैसा मजकुरातून येईल, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरला, आणि तेव्हापासून सगळे मजकुराच्या मागे धावतायत. मजकूर आता मोबाइलवर फुकटात तयार होतो. तुमच्या गल्लीत या आठवड्यात कोणाकडे लग्न आहे आणि कोणाकडे दुःख, हे मात्र मोबाइलला कोणीतरी सांगावं लागतं.

तर पुढची जाहिरात लिहिण्याआधी कागदावर वर एक ओळ लिहा: "हे कोण, कुठे, कधी वाचणार?" उत्तर "सगळेच" असं आलं, तर छापखान्यात जाऊ नका. पुन्हा लिहा.

आणि जाता जाता: 'कंटेंट'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ मजकूर. तेच स्पेलिंग, पण जोर 'टेंट'वर दिला तर अर्थ होतो समाधानी. आता यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे कळण्यासाठीही आजूबाजूचं वाक्यच बघावं लागतं.