मैलाचा दगड शोधू या

मुलांनो, 'खजिना' हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. उर्दूतला 'नक्शा' मराठीत आला आणि 'नकाशा' झाला. हे दोन शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. याच दोन शब्दांच्या मदतीने शनिवार-रविवारची सुट्टी कशी घालवता येते, ते आज पाहू या.

सुट्टी आली की तुम्ही म्हणता, "टीचर, मुंबईत खेळायला जागाच कुठे आहे?" तुमची तक्रार खोटी नाही. घर लहान, गल्लीत गाड्या, मैदान दूर. पण ज्या खेळाला सगळे शहरच मैदान म्हणून लागते, असाही एक खेळ आहे. गेल्या हिवाळ्यात तो मी आमच्या आठवीच्या मुलामुलींबरोबर खेळले.

पहिला दिवस रंगांचा. रंगाची पेटी नसली तरी अडत नाही. स्वयंपाकघरात जा आणि अम्मीला विचारून थोडी हळद घ्या. पाण्यात कालवली की पिवळा रंग तयार. काताचे पाणी तपकिरी, उकळलेल्या चहाचे पाणी बदामी आणि कपड्यांची नीळ म्हणजे समुद्र! रंगात थोडा डिंक विरघळवून घातला, तर तो कागदाला नीट धरून राहतो. आता एक गंमत करा. हळदीच्या पाण्यात पानाला लावतात तो चुना चिमूटभर टाका. पिवळा रंग पाहता पाहता विटेसारखा लाल होतो. जादू नाही ही. हळदीतील रंगद्रव्य चुन्यासारख्या क्षारधर्मी पदार्थाशी मिळाले की लाल होते. मात्र चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. तो फार झोंबतो व इजाही करतो. आणखी एक लक्षात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. म्हणून चित्र खिडकीत टांगू नका.

या रंगांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मुंबईचा नकाशा काढा. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंदर. खाली फोर्ट, त्याच्यावर डावीकडे समुद्राला लागून गिरगाव, मध्यभागी भायखळा, मग लालबाग, परळ आणि वर दादर. दादरला पश्चिम व मध्य रेल्वेचे मार्ग एकमेकांजवळ येतात, ते दाखवायला विसरू नका. नकाशा चुकला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त होणारच आहे.

दुसरा दिवस शोधाचा. दोन गट करा. एका गटाने चिठ्ठ्या लिहायच्या, दुसऱ्याने ठिकाणे शोधायची. चिठ्ठी लिहिणे हे शोधण्याहून कठीण काम आहे, असे माझे मत आहे. चिठ्ठीत ठिकाणाचे नाव येता कामा नये. शिवाय उत्तर असे हवे, की जे तिथे जाऊन उभे राहिल्याशिवाय मिळणार नाही. घरी बसून पुस्तकातून सापडले, तर मग शोध कसला?

आमच्या मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहा. 'डोळे मिटले तरी नाक जिथे घेऊन जाईल, ती गल्ली.' सांगा पाहू कोणती? लालबागची मसाल्याची गल्ली! उन्हाळ्यात तिथे लोक वर्षभराच्या मिरच्या कांडून नेतात. आम्ही थंडीत गेलो होतो, तरी चौघे जण शिंकतच बाहेर आले. दुसरी चिठ्ठी होती, 'या चौकाच्या नावातील दोन अक्षरे ज्या गाडीची आहेत, ती गाडी आता धावत नाही.' हे उत्तर म्हणजे दादर टी. टी. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम कायमची थांबली. गाडी गेली, नाव मात्र रोज बसचे कंडक्टर पुकारतात. तिसरी चिठ्ठी भायखळ्याची. 'मी दगडाचा हत्ती आहे. माझ्यामुळे एका बेटाला नाव मिळाले, पण मी आता त्या बेटावर नाही.' घारापुरीचा हा हत्ती राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच घारापुरीला एलिफंटा म्हटले.

पण खरा खजिना होता मैलाचा दगड. उर्दूत आपण त्याला 'संगे मील' म्हणतो. ब्रिटिशांच्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे खांब रोवले होते. अंतर मोजायचे ते फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासून. हे चर्च १७१८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा, तो चर्चगेट. किल्ला पाडला, दरवाजा गेला, स्टेशनाला मात्र नाव उरले. दगडांवर मैलांचा आकडा रोमन अंकांत कोरलेला असे. इंग्रजी 'व्ही' म्हणजे ५. तिच्या डावीकडे एक उभी रेघ असेल तर ४, उजवीकडे असेल तर ६. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आता सांगा, ६ मैलांचा दगड चर्चपासून किती किलोमीटरवर असेल?

हे दगड गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. रस्ता वर आला. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, पदपथ उंच होतो आणि दगड जागच्या जागी बुडत जातो. काही दगडांचा फक्त माथा दिसत होता. अलीकडच्या काही वर्षांत महानगरपालिकेने असे दगड खणून वर काढले, साफ केले. काळबादेवी, परळ, दादर या भागांत ते पाहता येतात.

आम्हांला पहिला दगड सापडायला दीड तास लागला. आम्ही त्याच्या समोरून दोनदा गेलो होतो! त्यावर कोणीतरी ओले फडके वाळत घातले होते. शेजारच्या चहावाल्या काकांनी ते उचलले आणि विचारले, "हेच शोधताय का?" दगडावर काही लिहू नका, खडूनेही नाही. त्याचे चित्र काढा, आकडा टिपून घ्या, आणि घरी येऊन नकाशावर त्या जागी खूण करा. बाहेर जाताना कोणीतरी मोठे माणूस बरोबर हवेच.

एक चिठ्ठी मात्र सुटलीच नाही. आमच्या वर्गातील एका मुलाचे दादा परळच्या एका गिरणीत विणकर होते. मदनपुऱ्यातील कितीतरी मोमीन कुटुंबे तेव्हा गिरण्यांत मागावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे एकेक गिरणी बंद पडली. त्या मुलाने चिठ्ठीत लिहिले होते, 'माझ्या दादांची चिमणी शोधा.' ही चिमणी म्हणजे पक्षी नव्हे, बरे का, धुराडे! काही गिरण्यांची धुराडी अजून उभी आहेत. म्हणून आम्ही मोठ्या आशेने गेलो. दादांनी सांगितलेल्या खुणेवर काचेची उंच इमारत होती. पहारेकऱ्याला विचारले, तर त्याला गिरणीचे नावही ठाऊक नव्हते.

मुलगा गप्प झाला. परतताना बसमध्ये कोणाशी बोलला नाही. पण संध्याकाळी त्याने नकाशा काढला, हळदीत चुना कालवला आणि परळमध्ये एक लाल चिमणी रंगवली. मग तो नकाशा त्याने दादांपुढे धरला. दादांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि बोट ठेवून म्हणाले, "चिमणी रस्त्याच्या या बाजूला नव्हती बेटा, पलीकडे होती. आणि याहून उंच."

सोमवारी त्याने नकाशा शाळेत आणला, तेव्हा त्यावर दोन चिमण्या होत्या. एक पुसट, आणि रस्त्याच्या पलीकडे दुसरी, कागदाच्या जवळजवळ कडेपर्यंत पोहोचलेली.