मनीला पळायला जागा हवी

आमच्या घरी मनी आली ती यंदाच्या पावसाळ्यात, चपलांच्या एका रिकाम्या खोक्यातून. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात पोत्यांमागे मांजरीला पिल्ले झाली होती. त्यांतले चांगले तीन-साडेतीन महिन्यांचे झालेले एक आमच्या थोरल्या चिरंजिवांनी पसंत केले. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही. मनीला मात्र मुळीच आनंद झालेला दिसत नव्हता. ती पलंगाखाली जी शिरली ती शिरलीच.

तिसऱ्या दिवशी व्हायचे ते झाले. धाकटीने पलंगाखाली हात घालून मनीला शेपटीला धरून बाहेर ओढले, पोटाशी घट्ट आवळले आणि "बाबा, फोटो!" म्हणून हाक मारली. मीही हौसेने मोबाइल पुढे धरला. पुढच्याच क्षणी किंकाळी! गालावर आणि हातावर लाल रेघा उमटल्या होत्या. डोळा थोडक्यात वाचला.

जखमा आम्ही वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुतल्या आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शने घ्यावी लागली. अशा वेळी 'एवढेसे तर खरचटले आहे' म्हणून हळद दाबून स्वस्थ बसू नये. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो अशी पुष्कळांची समजूत असते. तो मांजरामुळेही होऊ शकतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मनीला लस टोचून आणायचे काम मी 'रविवारी पाहू' म्हणून पुढे ढकलले होते, हेही येथे कबूल करायला हवे.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी निकाल दिला, "उद्याच्या उद्या हिला दुकानात नेऊन सोडा." मी मान डोलावली. तेवढ्यात थोरला म्हणाला, "पण आई, तिला पळायला जागा कुठे होती?"

साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या एका प्रश्नात होते. वाट मोकळी असली तर मांजर सहसा भांडत बसत नाही, निघून जाते. पंजा निघतो तो वाट बंद झाल्यावर. आम्ही मनीला घर दिले होते, पण वाट दिली नव्हती.

पशुवैद्यांकडे लस टोचून घेतली आणि त्यांच्या सल्ल्याने घराची नवी मांडणी केली. पहिला आठवडाभर मनीचा मुक्काम आतल्या खोलीत. तिथेच तिचे खाणे, पाणी आणि दूरच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे. लपायला एक आडवे ठेवलेले खोके आणि चढून बसायला कपाटावर जुनी चादर. या दोन जागा मनीच्या मालकीच्या. तिथे मुलांनी हात घालायचा नाही. ती खात असताना, झोपली असताना किंवा ट्रेपाशी असताना तर तिच्या वाटेलाच जायचे नाही.

भेटीची वेळ संध्याकाळची, दहा मिनिटे. मुलांनी जमिनीवर बसायचे आणि नुसते बोट पुढे करायचे. मनी आली तर तिला ते हुंगू द्यायचे, मग गालावर किंवा हनुवटीखाली हळूच खाजवायचे. पोटाला आणि शेपटीला हात नाही. शेपटी सपासप हलू लागली किंवा कान मागे पडले की भेट संपली. कुत्र्याची शेपटी आनंदाने हलते, म्हणून मांजराचीही तशीच असेल असे मुलांना वाटते. हा गैरसमज आधी काढावा. आणि भेटीच्या वेळी मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असून भागत नाही, हाताच्या अंतरावर हवे.

'मांजर डोळे मिटून दूध पिते' ही म्हण वर्गात शिकवताना मी आजवर त्या बिचाऱ्या प्राण्यावर लबाडीचा आळ घेत आलो. परंतु २०२० साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी निराळेच दाखवून दिले. आपण मांजराकडे पाहत डोळे बारीक करून सावकाश मिटले, तर तेही तसेच करते आणि आपल्याजवळ यायला अधिक राजी होते. धाकटीला हा खेळ फार आवडला. राहता राहिले म्हणीतले दूध. तेही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. वाटीत पाणीच बरे.

पाळण्यातले बाळ असेल त्या घरी बाळ झोपलेल्या खोलीचे दार लावून घ्यावे. उबेसाठी मांजर पाळण्यात शिरते, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, पण धोका असतो. ट्रे रोज साफ करावा आणि ते काम मुलांकडे किंवा गर्भवती स्त्रीकडे देऊ नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो. तो संसर्ग करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व.

आता दिवाळी आली. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पलीकडचा. फटाक्यांच्या वेळी मनी आतल्या खोलीत, खिडक्या बंद आणि खोके तयार. घाबरलेल्या मांजराला 'उगी उगी' म्हणत मुलांनी कवटाळू नये. ओरखडे निघतात ते अशाच वेळी. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आणि रांगोळीचे डबे उंचावर ठेवावेत. गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात अडकून प्राणावर बेतू शकते. फराळ प्रेमाने भरवायचाही मोह टाळावा. कांदा-लसूण मांजराला विषासारखे आहेत.

मनी दुकानात परत गेली नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. परवा संध्याकाळी धाकटी भिंतीला टेकून चित्रांचे पुस्तक पाहत बसली होती. मनी कपाटावरून उतरली, दोनदा थबकली आणि आपण होऊन तिच्या मांडीवर जाऊन बसली. माझा हात सवयीने खिशाकडे गेला. धाकटीने जागचे न हलता मला खुणावले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, फोटो नको. ती उठून जाईल."