कॅलिपरला रंग देताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून चार महिन्यांचा चिखल धुऊन काढला की अलॉय व्हीलच्या फटींतून एक गोष्ट हमखास डोळ्यांत खुपते: गंजून तांबूस झालेला ब्रेक कॅलिपर. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींचे कॅलिपर बिडाचे असतात आणि कर्जत-खालापूरचा पाऊस कुणाला सोडत नाही, त्यामुळे त्यांच्यावर गंज चढणारच. मग लाल किंवा पिवळा रंग आणावा आणि हे काम घरच्या अंगणात उरकावं, असं वाटणं रास्त आहे. काम आवाक्यातलं आहे आणि नीट केलं तर टिकतंही.

मात्र आपला मुलूख घाटाच्या पायथ्याचा आहे. लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीत येताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते. चार माणसं बसलेली लहान मोटार १३०० किलोची धरली, तर या उतरणीत सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने बावीस-तेवीस लिटर पाण्याला उकळी येईल. वारा, टायर आणि गिअरमध्ये असलेलं इंजिन यातला मोठा वाटा उचलतात, पण गाडी न्यूट्रलला टाकून उतरवली तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवर येतो. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून नेरळला येणारा रस्ता तर याहून उभा. ज्या वस्तूवर आपण ब्रश फिरवणार आहोत ती हा भार वाहते, म्हणून तिच्या रंगाबद्दलचे रूढ समज आधी तपासून घेऊ.

गैरसमज १: लाल कॅलिपर म्हणजे जोरदार ब्रेक.

वस्तुस्थिती: इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेम्बो कंपनीचे लाल कॅलिपर महागड्या आणि शर्यतीच्या गाड्यांवर झळकले, तेव्हापासून लाल रंगाशी ताकदीचं नातं जोडलं गेलं. पोर्शच्या गाड्यांत तर पिवळा कॅलिपर ही सिरॅमिक डिस्कची खूण असते. पण या गाड्यांत आधी यंत्रणा वेगळी असते आणि रंग तिची ओळख म्हणून दिला जातो. ब्रेकचा जोर ठरतो तो पिस्टनचा आकार, पॅडचं मटेरियल, डिस्कचा व्यास आणि टायरची पकड यांवरून. आपल्या हॅचबॅकच्या कॅलिपरला लाल रंग दिल्याने गाडी एक इंचही आधी थांबत नाही. त्या रंगाच्या भरवशावर कुणी घाटात वेग वाढवू नये.

बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रमच्या बाहेरच्या कडेला त्याच रंगाचा हात मारला तर चारही चाकं सारखी दिसतात.

गैरसमज २: रंगाने ब्रेक जास्त तापतात. रंगवायचेच असतील तर काळे रंगवावेत, काळा रंग उष्णता लवकर सोडतो.

वस्तुस्थिती: उन्हात उभ्या असलेल्या काळ्या आणि पांढऱ्या गाडीत फरक पडतो, कारण तिथे दिसणाऱ्या प्रकाशाचा संबंध येतो. ब्रेकची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते, आणि त्या बाबतीत लाल, पिवळा, पांढरा, काळा असे जवळपास सगळे रंग सारखेच वागतात. शिवाय ब्रेक थंड होण्याचं बरंचसं काम वाहती हवा करते, तेही मुख्यत्वे डिस्कवर. कॅलिपरवर दिलेले दोन-तीन पातळ हात तिच्या आड येत नाहीत. रंग हवा तो निवडा, फक्त थर पातळ ठेवा. जाड थर तापून-निवून तडकतो आणि त्याच्या खपल्या निघतात.

गैरसमज ३: कॅलिपर गंजला म्हणजे ब्रेक खराब झाला, आणि रंग दिला की दुरुस्त झाला.

वस्तुस्थिती: कॅलिपरच्या अंगावरचा वरवरचा गंज दिसायला वाईट असतो, ब्रेकच्या कामात तो अडथळा आणत नाही. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला तांबूस थर तर सकाळी चार वेळा ब्रेक मारल्यावर पुसला जातो. घातक गंज नजरेआड असतो: कॅलिपर ज्या स्लायडिंग पिनांवर सरकतो तिथे, आणि पॅडची टोकं ज्या खाचांत बसतात तिथे. पिन जाम झाली की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं, गाडी एका बाजूला ओढते, मायलेज घटतं, एक पॅड लवकर झिजतो. हा दोष रंगाखाली झाकला जातो, बरा होत नाही. म्हणून चाक काढल्यावर पॅडची जाडी बघा, पिनांवरचे आणि पिस्टनवरचे रबर बूट फाटलेत का ते बघा. काही संशयास्पद दिसलं तर रंगाचं काम बाजूला ठेवून आधी मेकॅनिक गाठा.

गैरसमज ४: घरातला ऑइलपेंट चालतो, नाहीतर सायलेन्सर पेंट आहेच.

वस्तुस्थिती: दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट घाटात तापणाऱ्या कॅलिपरवर मऊ पडतो, काळवंडतो आणि सुटतो. सायलेन्सर पेंट मोठं तापमान सोसतो हे खरं, पण असे बहुतेक रंग चांगले भाजले गेल्यावरच पूर्ण कडक होतात. सायलेन्सर तेवढा तापतो; कॅलिपरचं अंग रोजच्या वापरात तेवढं तापत नाही, त्यामुळे रंग अर्धा कच्चाच राहतो.

आणखी एक कसोटी आहे ती ब्रेक ऑइलची. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं ग्लायकोल जातीच्या रसायनांची असतात आणि साधा रंग विरघळवतात. सर्व्हिसिंगच्या वेळी निपलमधून दोन थेंब ओघळले तरी रंगाचा पापुद्रा सुटतो. म्हणून डब्यावर ‘ब्रेक कॅलिपर पेंट’ असा स्पष्ट उल्लेख असलेला, उष्णता आणि ब्रेक ऑइल दोन्ही सोसणारा रंग घ्यावा. दोन भाग एकत्र करून ब्रशने लावायचे इपॉक्सी जातीचे रंग घरच्या कामाला सोयीचे पडतात, कारण त्यांचे फवारे नको तिथे उडत नाहीत.

गैरसमज ५: रॉकेल किंवा पेट्रोलने पुसलं की झालं साफ.

वस्तुस्थिती: ही सवय सर्वांत आधी सोडायला हवी. ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइल सोसण्यासाठी बनवलेली असतात. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, ग्रीस अशा खनिज तेलांनी ती फुगतात. फुगलेल्या रबरामुळे पिस्टन अडकतो. रॉकेलचा तेलकट थर मागे राहिला तर त्यावर रंगही धरत नाही, आणि पॅडला तेल लागलं तर ब्रेकची पकडच जाते. त्याऐवजी वायर ब्रशने गंज खरवडा, पॉलिश पेपर फिरवा आणि ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने धुऊन काढा. तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही. काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ आग नको.

चाकातली काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नाकाला मास्क लावून धूळ ओली करून पुसावी.

गैरसमज ६: कॅलिपर पूर्ण खोलून सगळीकडून रंगवला तरच काम नीट होतं.

वस्तुस्थिती: घरच्या कामात कॅलिपर जागेवर ठेवूनच बाहेरून दिसणारा भाग रंगवावा. ब्रेकचा पाइप सोडला की आत हवा शिरते, मग ती काढायला ब्लीडिंग करावं लागतं, आणि एबीएस असलेल्या गाडीत हे काम घरच्या हत्यारांनी होईलच असं नाही. पाइप न सोडता कॅलिपर नुसता बाजूला केला, तरी तो पाइपवर लोंबकळू देऊ नये. तारेने वर बांधून ठेवावा.

मास्किंग टेप आणि जुनं वर्तमानपत्र लावून काही जागा झाकायच्या: पिस्टन आणि त्याचा बूट, स्लायडिंग पिना, पॅड आणि त्यांच्या खाचा, ब्लीडर निपल, ब्रेकचा पाइप, एबीएसचा सेन्सर आणि डिस्कचा घासला जाणारा पृष्ठभाग. डिस्कवर थेंब पडला तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसावा. पॅडमध्ये रंग मुरला तर पॅड बदलावेत.

चाक जिथे हबला टेकतं ती जागा बरेच जण विसरतात. तिथे रंगाचा थर राहिला तर पुढे तो दबतो आणि व्हील नट सैल पडतात. ती जागा कोरी आणि स्वच्छ हवी.

गैरसमज ७: रंगाची कटकट नको असेल तर वरून चिकटवायचं कव्हर बरं.

वस्तुस्थिती: लाल-पिवळी प्लास्टिकची किंवा पत्र्याची कव्हरं स्वस्तात मिळतात, त्यांवर मोठ्या कंपन्यांची नावंही छापलेली असतात. पण ती गोंदावर तगलेली असतात. घाटातली उष्णता, खड्ड्यांचे हादरे आणि पाणी यांनी गोंद सुटला तर कव्हर चाकाच्या आत अडकतं. काही अलॉय व्हीलमध्ये आतली जागा इतकी कमी असते की कव्हर दांड्यांना घासतं. चाकाच्या आत सुटी वस्तू नको, एवढं साधं तत्त्व पाळलं तरी हा प्रश्न मिटतो. साध्या विनाइलचे स्टिकरही उष्णतेने आक्रसतात. अक्षरं हवीच असतील तर स्टेन्सिल ठेवून त्याच कॅलिपर पेंटने काढावीत.

गैरसमज ८: पावसाळ्यात शेडखाली रंगवलं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: थेट पाऊस लागला नाही तरी हवेतला ओलावा काम बिघडवतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. खरवडलेलं बीड तर काही तासांत पुन्हा तांबूस होतं. आपल्या भागात दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. तेव्हाही सकाळचं दव ओसरू द्यावं, दुपारी रंग द्यावा आणि संध्याकाळच्या आत काम आटपावं.

गैरसमज ९: जॅकवर गाडी उचलली की चाकाशी बसायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. रंगाच्या कामात तासन् तास चाकाशी बसावं लागतं, तेव्हा गाडी जॅक स्टँडवरच टेकवावी. जमीन सपाट आणि टणक हवी, शेणाने सारवलेलं किंवा मातीचं अंगण चालणार नाही. एका वेळी एकच चाक काढावं, बाकीच्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी.

गैरसमज १०: घाटात एक फेरी मारली की रंग पक्का होतो, आणि खाली आल्यावर पाणी मारलं की ब्रेक गार होतात.

वस्तुस्थिती: रंग सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा. कच्चा रंग एकदम तापला तर त्यावर फोड येतात. चाक बसवल्यावर व्हील नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून ते कडक लागतं का बघावं. पहिली चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावर आणि सावकाश. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

घाट उतरून आलेल्या लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होऊ शकते, तिला तडे जाऊ शकतात. खोपोलीत पोचल्यावर थोडं अंतर ब्रेक न दाबता सावकाश चालवलं की वाऱ्याने ती आपोआप निवते. ब्रेक मुळात तापूच नयेत यासाठी खालच्या गिअरमध्ये उतरायचं असतं. कर्जतला हा धडा रेल्वेने पिढ्यान् पिढ्या दिला आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडतात, आणि उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगाचं कडक बंधन आणि बेफाम सुटलेली गाडी अडवणाऱ्या कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत. तिथे सगळी तयारी उतार सुरू होण्याआधी केली जाते.

आपल्या गाडीच्या तयारीत ब्रेक ऑइलही येतं. ते हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत घसरू शकतो. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५ आहेत. पाइपात ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल भसकन् खाली जातं. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, आणि पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळावी.

रंगाला आरटीओची परवानगी लागते का, असंही विचारलं जातं. नोंदणीच्या कागदावर गाडीच्या बॉडीचा रंग असतो, कॅलिपरचा नसतो. मात्र कॅलिपर बदलून दुसऱ्या मापाचे ब्रेक बसवणं हा गाडीच्या मूळ रचनेतला बदल आहे. त्याची गल्लत रंगाशी करू नये.

कॅलिपर जरूर रंगवा. चाक सर्व्हिसिंगलाच निघतं, तेही आपल्या डोळ्यांसमोर क्वचितच. या निमित्ताने पॅड किती उरलेत, बूट फाटलेत का, ऑइल किती जुनं आहे हे मालकाला स्वतः बघता येतं, आणि या कामाचा खरा लाभ तोच आहे. ही तपासणी करून मगच डब्याचं झाकण उघडा.