दुखते तिथेच रोग नसतो

आषाढात पावसाने जोर धरला की पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीकाठच्या मासवण परिसरात भाताच्या आवणीला वेग येतो. पाय चिखलात, पाठीवर पावसाचा मारा आणि कंबर दिवसभर वाकलेली. अशा कामानंतर अंग आंबले तर त्यात नवल नाही. पण ऐन तारुण्यातल्या माणसाची हाडे आतून ठणकू लागली, डोळे पिवळसर दिसू लागले, चेहरा पांढुरका पडला, ताप येऊ लागला आणि हे दर थंडी-पावसात होऊ लागले, तर ते नुसते श्रमाचे दुखणे नव्हे. बहुधा तेव्हा ठणक्याला एक गोळी, काविळीला झाडपाल्याचे औषध, अशक्तपणाला रक्तवाढीच्या गोळ्या आणि तापाला सलाईन असे चार तक्रारींवर चार उपाय सुरू होतात. या चारही तक्रारी एकट्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाच्या असू शकतात, आणि तसे असेल तर हे उपाय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. नंदुरबार, गडचिरोलीप्रमाणे पालघरही महाराष्ट्रातल्या सिकलसेलग्रस्त आदिवासी जिल्ह्यांपैकी एक आहे. रोग शरीराला कसा ग्रासत जातो हे समजून घ्यायला या रोगाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल, कारण त्याचे मूळ थेट एका रेणूपर्यंत शोधले गेले आहे. त्यातून कळते ते असे की दुखणे हा रोगाचा शेवटचा टप्पा असतो, आणि रोग अडवायचा तर तो त्याआधीच्या टप्प्यांवर अडवावा लागतो.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. बिघाड खुद्द हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. भारतात हा रोग १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचवणारे हिमोग्लोबिन एकेका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी रेणूंच्या संख्येने भरलेले असते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि या एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात. तंतूंनी ताणलेली पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. अंगात रक्त कमी पडते ते त्यामुळे. फुटलेल्या पेशींतून पिवळे बिलिरुबिन तयार होऊन डोळ्यांत उतरते. म्हणजे पांढुरका चेहरा आणि पिवळे डोळे या दोन रोगांच्या खुणा नाहीत, एकाच घटनेचे ते दोन परिणाम आहेत.

इथे कोणीही विचारील, की बिघाड जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे, तर माणूस रोज का दुखत नाही? याचे उत्तर सेकंदाच्या हिशेबात आहे. केशवाहिनी इतकी अरुंद असते की तांबड्या पेशीला अंग आक्रसून तिच्यातून जावे लागते, आणि हा प्रवास सेकंदाच्या आसपास संपतो. प्राणवायू सोडल्यावर तंतू बनायलाही थोडा वेळ लागतो. त्याआधी पेशी पलीकडच्या मोठ्या वाहिनीत निसटली तर काहीच बिघडत नाही. ती आतच ताठ झाली तर वाट अडते, मागच्या पेशी तुंबतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि उपाशी पडलेले हाड ठणकू लागते. अंगातले पाणी कमी झाले की पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी वाढते, आणि दाटी जराशी वाढली तरी तंतू बनण्याचा वेळ कितीतरी पटींनी घटतो. थंडीने वाहिन्या आकसून प्रवास लांबतो, तापात पाणी कमी होते, अतिश्रमात प्राणवायू जास्त खर्च होतो. आवणीचा गारठा किंवा पावसाळ्यानंतर स्थलांतर करून वीटभट्टीवर उन्हात केलेले काम दुखणे उभे करते ते याच मार्गाने.

एकदा वाट अडू लागली की एक अवयव दुसऱ्याला ओढतो. प्लीहेतला रक्तपुरवठा वारंवार तुटून ती लहानपणीच निकामी होते, आणि न्युमोकोकससारख्या जंतूंना मोकळे रान मिळते. अशा मुलाचा साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. मूत्रपिंडाला लघवी दाट करता येईनाशी होते, म्हणून शरीरातून पाणी जास्त जाते, आणि पाणी गेले की पेशी आणखी वाकतात. फुप्फुसात वाट अडली की प्राणवायू घटतो, आणि तो घटला की पुन्हा तेच. मांडीच्या हाडाचे डोके झिजणे, पित्ताचे खडे, कोवळ्या वयात पक्षाघात ही याच बिघाडाची पुढची रूपे. रुग्ण मात्र हाडांसाठी एका दारी, काविळीसाठी दुसऱ्या दारी फिरत राहतो.

यावर पहिला आक्षेप असा, की बिघाड जनुकातच असेल तर तपासणी करून काय साधणार? जनुक बदलण्याचे उपचार २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्य झाले खरे, पण आपल्या पाड्यांपासून ते अजून फार दूर आहेत. तरीही मूळ कारण हाती येत नाही म्हणून मधले टप्पे हातचे सोडायचे नसतात. गर्भातले हिमोग्लोबिन तंतू बनू देत नाही, म्हणून तर बाळ पहिले काही महिने सुरक्षित असते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ठणक्याचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यायचे असते. पेनिसिलिन आणि न्युमोकोकसची लस निकामी प्लीहेची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. भरपूर पाणी पिणे आणि गारठा टाळणे याला तर पैसाही लागत नाही. यातले काहीही जनुकाला हात लावत नाही, पण प्रत्येक उपाय एकेक टप्पा अडवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेड्यापाड्यात रक्त कमी असण्याचे मोठे कारण अपुरा आहार आणि लोहाची कमतरता हे आहे, मग सिकलसेलचा बाऊ कशाला? पहिले विधान खरेच आहे आणि लोहाच्या गोळ्यांची मोहीम गरजेचीच आहे. पण सिकलसेलमध्ये फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच उरते, शिवाय वारंवार रक्त द्यावे लागले तर त्याची भर पडते. अशा रुग्णाला लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाल्याशिवाय लोह देणे निरर्थक, प्रसंगी घातक. त्याला गरज असते ती नव्या पेशी घडवायला लागणाऱ्या फॉलिक ॲसिडची. हिमोग्लोबिनचा आकडा दोघांचाही सारखाच कमी असेल, पण तो आकडा तिथवर कसा आला हे वेगळे असेल, तर उपचारही वेगळाच असणार.

तिसरा आक्षेप लोकलाजेचा. तपासणीत 'वाहक' ठरलेल्या मुलीचे लग्न मोडले तर? ही भीती खोटी नाही, पण तिच्या मागची समजूत चुकीची आहे. वाहकाकडे सदोष जनुकाची एकच प्रत असते, पेशीतले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन नेहमीचे असते, आणि तो एरवी निरोगी आयुष्य जगतो. उलट मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकारापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले ते त्यामुळेच. वाहकाचे बीटा साखळीचे सदोष जनुक मुळीच नसलेल्याशी लग्न झाले तर मुलांना हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि गर्भाची तपासणी लवकर करता येते. तेव्हा एकटी मुलगी वाहक आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अहवाल दोघांचे हवेत आणि ते चव्हाट्यावर येता कामा नयेत.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे आहे. प्राथमिक चाचणी अगदी साधी असते. बोटातले थेंबभर रक्त परीक्षानळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर दोष नाही, द्रावण गढुळून त्या दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. तो वाहकाचा की रोगाचा हे मात्र यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती झाल्याशिवाय मोहीम अर्धवटच राहते. म्हणून रक्त कमी आहे असे कोणी सांगितले, की ते कशामुळे हे विचारा. आणि सिकलसेलचे निदान झालेल्या मुलाला ताप आला तर दुखणे अंगावर न काढता त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पक्क्या तपासणीचा निष्कर्ष आयुष्यभर बदलत नाही. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक दुखण्यात डॉक्टरांना आधी तो दाखवा.